कुळागराचं कुंपण: बॅटरीवरच्या हत्यारांनी केलेल्या कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

जागा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, नगरगावच्या बाजूची. खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाने कुळागर, म्हणजे बागायत: पोफळी, त्यांवर मिरी, मधे केळी, थोडं सुरण, अळू. वरच्या अंगाला कातळ आणि काजू. सगळा घेर साधारण ४०० मीटर. वर जुना चिऱ्यांचा (जांभ्याच्या तासलेल्या दगडांचा) गडगा, म्हणजे दगडी बांध, आहे, जागोजागी ढासळलेला. खाली दर वर्षी माणग्याच्या (बांबूच्या) काठ्या रोवून शिपट्यांची वई, म्हणजे कुंपण, घालतो, ती पावसाळाभर भिजून कुजते आणि दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून काम.

यंदा लोखंडी अँगल आणि काटेरी तार घालायची ठरवली. मुख्य त्रास रानडुकरांचा. रात्रीत सुरणाचा अख्खा वाफा उकरून जातात. दुसरा त्रास मोकाट गुरांचा. गव्यासाठी हे कुंपण नाही, हे घरच्यांना आधीच सांगितलं. गवा आपला राज्यप्राणी, मोठा नर हजार किलोच्या आसपास भरतो, त्याने मनावर घेतलं तर काटेरी तार त्याला अडवत नाही. त्याच्यासाठी पुढे सौर कुंपणाची वेगळी ओळ घालावी लागेल. त्यात दर सेकंदाला एकदा अगदी क्षणभराचा झटका असतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. काही ठिकाणी लोक तारेत थेट घरची वीज सोडतात. तो गुन्हा आहे, आणि त्यात डुकराआधी माणूस जातो. आमच्या जागेत तसलं काही होणार नाही.

१४ नोव्हेंबर

वीज फक्त खाली पंपाच्या खोलीत आहे. तिथून वर काजूपर्यंत वायर ओढायची म्हणजे दोनशे मीटरच्या वर लांबी, दव पडलेल्या गवतातून, वाटेत व्हाळ. इतक्या लांबीत व्होल्टेज पडतं, मशीन तापतं, आणि कुठे वायर सोलली गेली तर ओल्या जमिनीवर उभा असलेला माणूस धोक्यात. म्हणून सगळी हत्यारं बॅटरीची घेतली, तीही एकाच कंपनीची, १८ व्होल्टची. एकच बॅटरी ड्रिलला, इम्पॅक्टला (नट-बोल्ट आवळायचं मशीन), ग्राइंडरला (लोखंड कापायचं) आणि रोटरी हॅमरला (दगडात भोकं पाडायचं) लागते. दुकानात काहींवर २० व्होल्ट लिहिलेलं दिसतं. आत दोन्हींत एकामागोमाग पाचच सेल जोडलेले असतात, पूर्ण भरल्यावर २० च्या आसपास आणि चालताना १८, फरक एवढाच.

बॅटरीचा हिशेब वहीच्या पहिल्याच पानावर मांडला, कारण कामाची आखणी त्याच्यावरच करायची होती. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॉट-तास. ग्राइंडर लोखंडावर चालताना पाचशे-सहाशे वॉट ओढतो. म्हणजे एक भरलेली बॅटरी सलग सात-आठ मिनिटांत संपते. ऐकायला कमी वाटतं, पण एक अँगल कापायला अर्धा मिनिट पुरतं. ड्रिल त्याच्या निम्मंही ओढत नाही, आणि बांधणीच्या कामाला तर एक बॅटरी दुपारपर्यंत जाते. म्हणून नियम केला: कापण्याचं काम सकाळी, सगळ्या बॅटऱ्या भरलेल्या असताना. दहाच्या पेजेला खाली उतरताना रिकाम्या बॅटऱ्या पंपाच्या खोलीत चार्जरवर लावायच्या आणि पेज झाल्यावर भरलेल्या घेऊन वर जायचं. ग्राइंडरमधून काढलेली बॅटरी हाताला गरम लागते, ती लगेच चार्जरवर चढवायची नाही. चार्जर स्वतःच थांबून राहतो, पण सावलीत गार करून लावलेली बरी, आयुष्य वाढतं.

१७ नोव्हेंबर

रेषा आखली. सर्व्हेचे दगड सापडले, शेजारच्या काकांना बोलावून त्यांच्यासमोर दोरी धरली. जमिनीचा १ व १४ चा उतारा जवळ ठेवला होता, पण काढावा लागला नाही. ज्यांना कृषी खात्याचं अनुदान घ्यायचंय त्यांनी कृषी कार्ड आणि हा उतारा घेऊन आधी वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात जाऊन यावं, मग लोखंड उचलावं.

झाडोरा साफ करायला भाच्याने बॅटरीची छोटी चेनसॉ चालवून बघितली. मनगटाएवढ्या फांदीला ती फार छान. पण रानमोडी आणि करवंदीच्या जाळीत तिचं काम नाही, चेनमधे तंतू अडकतात. तिथे दाजींचा कोयता. दाजी म्हणजे आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून येणारे शेजारी. त्यांनी आपल्या साफ केलेल्या पट्ट्यात उभं राहून मशीनवाल्या भाच्याकडे पाठी बघितलं तर तो अजून अर्ध्यावरही नव्हता.

२१ नोव्हेंबर

खालच्या भागातले खड्डे. इथली माती व्हाळाने आणलेली, मऊ. भाड्याचा पेट्रोलचा ऑगर (खड्डे पाडायचं मशीन) आणला. मऊ मातीत दोन फूट खड्डा बघता बघता होतो. मात्र पोफळीची किंवा आंब्याची मुळी लागली की दांडा हाताला जोरात हिसका देतो. दोघांनी धरायचं, पाय फाकवून उभं राहायचं, आणि मुळी लागली असं वाटताच रेस सोडायची. मुळी पहारीने तोडायची, मग पुन्हा ऑगर.

दुपारी तोच ऑगर वर कातळाच्या कडेला लावून पाहिला. पातं नुसतं गरगरलं, वरची लाल धूळ उडाली, बाकी काही नाही. परत केला.

२४ नोव्हेंबर

कातळावरचे खड्डे. या नोंदीला जागा देतो, कारण वरच्या अंगाला जमीन असलेल्या प्रत्येकाला हेच आडवं येतं.

जांभा जमिनीत ओला असतो तोवर त्यातल्या त्यात नरम. उघडा पडून उन्हात वाळला की कडक होतो. चिरेखाणीतले लोक हे रोज बघतात, ताजा चिरा तासता येतो, वर्षभर पडलेला हत्याराला दाद देत नाही. म्हणून हे काम नोव्हेंबरातच करायचं, पावसाची ओल आत असताना. मार्च-एप्रिलमधे इथे पहार मारली तर ठिणग्या येतात.

नुसत्या पहारीने दाजी एक खड्डा करायचे तो मी लहानपणापासून बघत आलोय. काम चोख, पण खांद्याची वाट लागते. नुसत्या रोटरी हॅमरने छिन्नी लावून करायचं म्हटलं तर बॅटरीवरचं मशीन तेवढ्या ताकदीचं नसतं, बॅटऱ्या खातं आणि खड्डा वर रुंद, खाली चिंचोळा होतो. दोन्ही एकत्र केल्यावर जमलं ते असं. जमिनीवर नऊ इंचांचं वर्तुळ आखायचं. त्या रेघेवर १६ मिलिमीटरच्या बिटने जवळजवळ भोकं पाडायची, वीतभर खोल, आणि एक मधोमध. मग दाजींनी मधल्या भोकात पहारीचं टोक घालून बाजूला रेटायचं. भोकांमुळे दगड आधीच दुबळा झालेला असतो, तो रेघेवर तुटतो आणि ढेपा निघतात. ढेपा घमेल्यात काढायच्या, पुन्हा भोकं, पुन्हा पहार. दुसऱ्या फेरीला खोली मिळते.

बिट मारताना एक सांभाळायचं. ओल्या जांभ्याची चिकट माती बिटच्या खाचांत बसते आणि बिट आतच घट्ट होतो. मशीन चालू ठेवून बिट थोडा थोडा वर ओढायचा, माती बाहेर पडू द्यायची. बंद करून ओढला तर अडकलाच. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच, जांभ्याची धूळ बारीक असते.

दाजी दोन खड्डे झाल्यावर म्हणाले, "बाबू, तू फक्त भोकं पाड, फोडायचं माझ्यावर सोड." पुढचा सगळा दिवस तसंच चाललं. ज्या कामाला आधी अर्धा दिवस गेला असता ते पेजेआधी झालं.

२८ नोव्हेंबर

कोपरे. इथे कुठलंच मशीन वेळ वाचवत नाही आणि वाचवू पण नये.

कोपऱ्याला ५० बाय ५० बाय ६ चा अँगल, अडीच फूट खोल, सिमेंट-वाळू-खडी १:२:४. दोन्ही बाजूंना तिरके टेकू. टेकूचं वरचं टोक खांबाच्या दोन तृतीयांश उंचीवर आणि खालचं टोक स्वतःच्या खड्ड्यात काँक्रीटमधे. टेकूचं खालचं टोक नुसतं मातीत रोवलं तर तार ताणताच ते मातीत खचतं आणि अख्खा कोपरा आत झुकतो. आमच्या आजूबाजूला जेवढी झुकलेली कुंपणं आहेत त्यांत बहुतेकांचं दुखणं कोपऱ्यात आहे. तारेला दोष देतात, पण ढिली झालेली तार हा परिणाम.

टेकूच्या बोल्टसाठी आधी ५ मिलिमीटरचं भोक, मग त्यातच साडेदहाचं. इम्पॅक्टने नट जवळ आणायचा, शेवटचे वेढे हाताच्या पान्याने. इम्पॅक्टच्या भरात बोल्टच्या आट्या जातात आणि ते बाहेरून कळत नाही.

सरळ रेषेतल्या मधल्या खांबांना सगळीकडे काँक्रीट घातलं नाही. कातळात चिऱ्याचे तुकडे आणि मुरूम ठोकून बसवला, खालच्या मऊ भागात मात्र काँक्रीट.

१ डिसेंबर

कोपऱ्यांवर गोणपाट, सकाळ-संध्याकाळ पाणी. सात दिवसांत काँक्रीट आपल्या पुऱ्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश येतं. तोवर तारेला हात लावायचा नाही.

५ डिसेंबर

मशीनने सगळ्यात जास्त काय दिलं ते आज नीट दिसलं.

आजवर आमच्याकडे अँगल वाळपईहून किंवा फोंड्याहून भोकं पाडून यायचे. सगळ्यांची लांबी सारखी, भोकांची अंतरं सारखी. जमीन मात्र सारखी नाही. एक खांब उंचवट्यावर, पुढचा खळगीत. भोकं ठरलेली असल्यामुळे खळगीत खालची तार जमिनीपासून फूटभर वर राहायची, आणि डुक्कर नेमकं तिथूनच आत. ते कुंपणाच्या कडेकडेने नाक लावून चालतं, जिथे फट मिळेल तिथे मान घालतं आणि वर उचलतं. चारशे मीटर चोख कुंपणाला अशी एक जागा पुरे.

या वेळी अँगल बिनभोकांचे आणले, ४० बाय ४० बाय ५ चे, आठ फुटी. मीटरला ३ किलो, म्हणजे एक अँगल सव्वासात किलोचा, खांद्यावरून दोन नेता येतात. आधी खांब रोवले. मग खांबाखांबाशी बसून, तिथली जमीन बघून खालच्या तारेची खूण केली: जमिनीपासून चार इंच, मग सहा इंच, पुन्हा सहा, वर अंतर वाढवत नेलं. जिथे खांब कातळामुळे कमी खोल गेला आणि वर जास्त राहिला, तिथे डोकं ग्राइंडरने कापलं. तार जमिनीबरोबर वर-खाली होत जाते. हे वायरच्या मशीनने इथे करताच आलं नसतं आणि हातड्रिलने करायला कोणी धजलं नसतं.

भोक पाडायची पद्धत: सेंटर पंचने खूण, ड्रिल एक नंबर गिअरवर, ८ मिलिमीटरचा बिट, ऑइलचा थेंब. लांब कुरळी चुरी निघाली पाहिजे. निळा धूर आणि भुकटी निघाली तर वेग जास्त आहे किंवा बिट बोथट झालाय. बिट पलीकडे निघताना पकडतो आणि मनगट पिळवटतं, म्हणून बाजूची मूठ लावूनच धरायचं. भाच्याला पहिल्या चार खांबांनंतर सांगावं लागलं नाही.

कापलेल्या टोकावर आणि भोकात जस्ताचा थर राहत नाही. तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या आमच्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो. लहान ब्रश आणि झिंक प्रायमरचा डबा भाचीच्या हातात दिला. ती ड्रिलच्या मागोमाग येते, एक भोक सोडत नाही.

८ डिसेंबर

ग्राइंडरबद्दल वेगळं लिहितो.

गवत आता वरून पिवळं पडायला लागलंय. ग्राइंडरची ठिणगी तीन-चार मीटर लांब सहज जाते, आणि काजूखालचा पाचोळा तिची वाटच बघत असतो. मार्च २०२३ मधे म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर ज्या आगी लागल्या त्यांचा धूर इथल्या प्रत्येकाने पाहिलाय. म्हणून कापण्याआधी खांबाभोवती पाचोळा झाडून काढायचा, ठिणग्यांच्या दिशेला ओलं गोणपाट धरायचं, बादलीभर पाणी शेजारी. काम संपल्यावर लगेच निघायचं नाही, थोडा वेळ बसून धूर येतोय का बघायचं. काजूचा मोहोर सुरू व्हायच्या आत कापण्याचं सगळं काम संपवायचं, त्यानंतर या जागेत ग्राइंडर नाही.

व्हील एक मिलिमीटर जाडीचं घेतो. जाड व्हील बॅटरीला झेपत नाही, वीज उष्णतेत जाते. व्हीलच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती बघूनच विकत घ्यावं. आपल्या हवेतला ओलावा त्यातला डिंक कमकुवत करतो. पावसाळाभर पडवीत उघडं राहिलेलं व्हील फेकून द्या, फिरताना फुटलं तर तुकडा गोळीसारखा येतो. गार्ड काढून चालवायची सवय इथे फार आहे. आमच्या जागेत गार्ड काढलेला ग्राइंडर चालणार नाही, हे भाच्याला आणि कामावर येणाऱ्या सगळ्यांना स्पष्ट सांगितलंय.

१२ डिसेंबर

तार ओढली. काटेरी, १२ गेजची. इथे बॅटरीचं काही नाही, हाताची रॅचेट. गाडीला बांधून तार ताणणारे लोक बघितलेत. तुटली तर ती उलटी येते आणि समोरच्याला चिरत जाते. चामड्याचे हातमोजे, आणि ताणताना खांबाच्या पलीकडच्या बाजूला उभं राहायचं.

सकाळच्या थंडीत तारेला शेवटचा ताण दिला नाही, ऊन चढल्यावर दिला. पोलाद तापलं की लांबतं, शंभर मीटरच्या तारेत पंधरा अंशांच्या फरकाने जवळजवळ दोन सेंटिमीटर. तेवढंही दुपारी ढिलेपणा दाखवायला पुरतं.

१५ डिसेंबर

बांधणी. सव्वाशेहून जास्त खांब, प्रत्येकी सहा तारा, म्हणजे आठशेच्या आसपास गाठी. पक्कडीने पिळायच्या तर संध्याकाळी मूठ मिटत नाही.

वाळपईच्या वेल्डरकडून ६ मिलिमीटरच्या सळीचा आकडा करून घेतला, वीतभर लांब, टोक गळासारखं वळवलेलं. तो ड्रिलच्या चकमधे बसवायचा. १४ गेजच्या जस्ती तारेचे हातभर तुकडे आधीच कापून कमरेच्या पिशवीत. तुकडा मधून दुमडायचा, अँगलच्या भोकातून काढायचा, काटेरी तारेवरून फिरवून दोन्ही टोकं एकत्र आणायची, आकड्यात अडकवायची आणि ड्रिलचं बटण हलकं दाबायचं. तीन पीळ, चौथ्याला थांबायचं. क्लच चार-पाचवर ठेवला की गाठ घट्ट झाल्यावर ड्रिल आपोआप कटकट करून सुटतो आणि तार तुटत नाही. क्लच मोकळा सोडून केलं तर दर दुसरी गाठ तुटते. उरलेलं टोक आत वळवून दाबायचं, गुराच्या अंगाला लागू नये म्हणून.

भाचा एका बाजूने, त्याची आई दुसऱ्या बाजूने. भाच्याच्या आईने आयुष्यात ड्रिल धरला नव्हता. तासाभरात त्या भाच्याच्या पुढे गेल्या, कारण त्या घाई करत नाहीत आणि त्यांची गाठ दुसऱ्यांदा बघावी लागत नाही.

१९ डिसेंबर

मुक्तिदिनाची सुट्टी, घरचे सगळे हाताशी. वरच्या बाजूच्या गाठी पुऱ्या. गडग्याचे ढासळलेले चिरे पुन्हा रचले, तिथे कुंपण गडग्याच्या आतून घेतलं.

२२ डिसेंबर

व्हाळ ओलांडण्याची जागा. इथे तार सरळ आडवी नेली तर जुलैच्या पुरात फांद्या, पाचोळा अडकून धरण होतं आणि खांबांसकट सगळं वाहून जातं. म्हणून दोन्ही काठांवर कोपऱ्यासारखे पक्के खांब, वरून एक जाड तार, आणि तिला माणग्याचे दांडे सुटे टांगले, पाण्यापर्यंत लोंबणारे. पूर आला की दांडे वर उचलले जातात, ओसरला की खाली येतात. दांड्यांना भोकं पाडायला ड्रिल लाकडाच्या बिटने, कडेपासून दूर, नाहीतर बांबू चिरतो.

२९ डिसेंबर

डुकरांच्या वाटांवर, म्हणजे जिथे जिथे खुरांच्या खुणा आणि उकरलेलं दिसलं तिथे, तळाला चेनलिंक जाळीची दोन फुटी पट्टी लावली. अर्धी उभी, अर्धी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी, वर चिऱ्यांचे तुकडे. डुक्कर तारेच्या बुडाशी उकरायला लागलं की पाय जाळीवरच असतो. उभा भाग खांबाला पट्टी आणि स्क्रूने. पाच मिलिमीटरच्या अँगलमधे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू थेट जातो, पण आधी बारीक भोक पाडलं तर स्क्रूचं टोक जळत नाही आणि बॅटरीही निम्मी लागते.

फाटक बसवलं. बिजागऱ्यांना ग्रीस.

५ जानेवारी २०२५

घेर पूर्ण. आता काजूची साफसफाई सुरू होईल, माणसं मिळणार नाहीत, त्याआधी झालं हे फार बरं.

बॅटऱ्या निम्म्या चार्जवर ठेवून घरात, कपाटात. पंपाच्या खोलीत पत्रा तापतो, तिथे नाही. मशीनच्या हवेच्या फटींतली लाल धूळ ब्रशने काढली.

उरलेलं: पहिल्या पावसाबरोबर तारेच्या आतून गिरीपुष्पाचे दांडे आणि शेराच्या फांद्या लावायच्या, लोखंड थकेल तोवर जिवंत वई उभी राहील. दांडे तोडायला तीच छोटी चेनसॉ, टोक तिरकं. मे अखेरीला व्हाळाकाठच्या दोन खांबांचं काँक्रीट तपासायचं. खालच्या अंगाला जाळीजवळ परवा खुरांचे ताजे ठसे होते, बाहेरच्या बाजूने, कुंपणाला समांतर वीस-पंचवीस पावलं गेलेले आणि मग रानात वळलेले. त्या भागात जाळी अजून दोन खांब पुढे वाढवायची, सामान आणून ठेवलंय.